मशीन नंबर तीनची साथ

येत्या शनिवारी कुठे काय वाजणार आहे, हे सगळ्यात आधी कडकभाऊंना कळायचं, आणि त्याचा सगळ्यात जास्त रागही त्यांनाच यायचा. त्यांच्या लॉन्ड्रीला रस्त्याच्या बाजूने भलीमोठी काच होती. कपडे धुऊन होईपर्यंत बाहेरच्या बाकावर बसलेला माणूस समोर येईल ते वाचतो, हे शहरातल्या यच्चयावत कलावंतांना कळून चुकलं होतं. त्यामुळे काचेवर कायम चार-पाच पोस्टरं असायची. निवृत्त दंतवैद्यांचा वाद्यवृंद. 'मी आणि माझी गिटार', ज्याला बहुधा तेवढीच दोघं हजर असत. एका जोडप्याची युगुलगीतं. त्यांचं आपसात पटत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि लोक त्यासाठीच जात. कडकभाऊ रोज सकाळी ती सगळी खरवडून काढायचे आणि संध्याकाळपर्यंत ती पुन्हा जागेवर यायची.

कडकभाऊ हे नाव कपड्यांच्या खळीवरून पडलं की स्वभावावरून, यावर गिऱ्हाइकांत दोन मतं होती. स्वतः त्यांनी एकही कार्यक्रम पाहिलेला नव्हता. त्यांना या जगाकडून एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे दुपारची झोप. जेवण झालं की लॉजच्या धुतलेल्या, कोरड्या, जरा कोमट चादरींच्या ढिगावर पडायचं आणि चार वाजता उठायचं. लग्न झाल्यापासून त्यात खंड पडला नव्हता. मग बायकोच्या बहिणीचा मुलगा शहरात आला, सोबत ड्रम घेऊन आला, आणि बायकोने लॉन्ड्रीवरची रिकामी खोली त्याला परस्पर देऊन टाकली.

"पोरगं गुणी आहे," ती म्हणाली.

"गुणी आहे ना? मग त्याला गुपचूप गुणी राहू दे."

भाच्याने महिन्याभरात आणखी दोघांना गोळा केलं. एक गाणारी मुलगी, जी सकाळी चष्म्याच्या दुकानात बसायची, आणि एक लांबलचक गिटारवाला, जो काहीच करायचा नाही. तिघांनी आपल्या बँडचं नाव ठेवलं 'तिसरा मजला'. इमारतीला पहिल्या मजल्याच्या वर थेट गच्ची होती, पण ते असो. त्यांच्या सरावाची वेळ दुपारी दोनची. कडकभाऊंनी चादरीखाली डोकं घालून पाहिलं, कानात कापूस घालून पाहिला, बायकोशी अबोला धरून पाहिला. अबोल्याचा तिला फारसा त्रास झाला नाही, कारण वरच्या आवाजात तसंही काही ऐकू येत नव्हतं.

सुटकेची वाट एकच होती. कला मंडळाच्या हॉलमध्ये दर शनिवारी कार्यक्रम व्हायचे, आणि ज्यांचा कार्यक्रम रंगेल त्यांना तिथला मॅनेजर हॉलमागची खोली सरावाला द्यायचा. भाच्याने अर्ज केला आणि त्यांना येत्या शनिवारची दुपार मिळाली. नव्या मंडळींना दुपारच मिळायची, कारण दुपारी कोणी यायचं नाही. ही बातमी ऐकून कडकभाऊंनी आयुष्यात पहिल्यांदाच काचेवर स्वतःच्या हाताने पोस्टर लावलं, चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी मारून, आणि दंतवैद्यांचं कोपऱ्यात सरकवून मधोमध.

"काका, तुम्हाला आमचं संगीत आवडतं हे माहीतच नव्हतं," भाचा गहिवरून म्हणाला.

"तुमचा कार्यक्रम झाला पाहिजे, बाबा. काही झालं तरी झाला पाहिजे," कडकभाऊ म्हणाले, आणि ते अगदी मनापासून म्हणाले.

या मनापासूनच्या भरातच घोटाळा झाला. लॉन्ड्रीतलं मशीन नंबर तीन हे सगळ्यात जुनं आणि सगळ्यात मोठं. लॉजच्या चादरी त्यातच जायच्या. त्याचं बेअरिंग गेलेलं होतं, त्यामुळे कपडे पिळायला लागलं की ते धप, धप, धप करायचं आणि चौथा ठोका जरा लंगडत टाकायचं. शनिवार जवळ आला तशी बायको म्हणाली, "अहो, त्या तीन नंबरच्या धडधडीत पोरांचं लक्ष कसं लागत असेल?" कडकभाऊंना ते एकदम पटलं. वर्षानुवर्षं जे मशीन त्यांनी दुरुस्त केलं नव्हतं, ते त्यांनी त्याच दिवशी मेकॅनिकला बोलावून दुरुस्त करून घेतलं. मेकॅनिकने बटण दाबलं. मशीन फिरतंय की नाही, हे काचेतून डोकावून पाहावं लागलं.

"घ्या," मेकॅनिक म्हणाला. "मांजर झोपवा त्यावर."

दुसऱ्या दिवशी दुपारी वर सराव सुरू झाला आणि थोड्याच वेळात थांबला. पुन्हा सुरू झाला, पुन्हा थांबला. भाचा पुढे पळत होता, मुलगी मागे राहत होती आणि गिटारवाला दोघांपैकी कोणाच्या बाजूने जावं या विचारात होता. संध्याकाळपर्यंत वर भांडण जुंपलं.

"तू घाई करतोस!"

"मी? तूच जांभया देत गातेस!"

"मी सोडतो बँड," गिटारवाला म्हणाला. बँडमधलं त्याचं हे सगळ्यात लांब वाक्य होतं.

बायकोने कपाळाला हात लावला. कडकभाऊंची पाचावर धारण बसली. ही पोरटी शनिवारी अशीच वाजली, तर हॉलची खोली गेली, आणि मग जन्मभर दुपारी डोक्यावर हीच भांडणं. इस्त्री हातात धरून ते तसेच उभे राहिले. वर तिघांनी परत एकदा सुरुवात केली, आणि कडकभाऊंचा हात शर्टाच्या बाहीवर अडखळला. रोज तो त्या गाण्याबरोबर सरसर चालायचा. हे गाणं तर त्यांना तोंडपाठ होतं! दुसऱ्या कडव्यानंतर ते तिघं एकदम थांबायचे, श्वास रोखल्यासारखे, आणि मग जोरात उठायचे. ज्या थांबण्याचं गाणाऱ्या मुलीच्या मैत्रिणी इतकं कौतुक करायच्या, त्या वेळी खाली मशीन नंबर तीन पाणी सोडायला थांबत असे.

कडकभाऊ जिना चढून वर गेले. खालच्या मशीनमागचा खांब सरळ या खोलीत आला होता, आणि भाचा त्याच खांबाला पाठ टेकून बसला होता.

"तू ठेका कशावर धरतोस रे?"

"आतूनच येतो, काका."

"आतून नाही, खालून यायचा," कडकभाऊ म्हणाले.

मेकॅनिकला पुन्हा बोलावणं गेलं. तो हसत आला आणि काम ऐकून त्याचा चेहरा पडला.

"बिघडवू? भाऊ, मी गॅरंटी दिलीय."

"मी ती परत देतो."

"गॅरंटी परत घेत नाहीत. उद्या लोक म्हणतील, ह्याने हात लावला आणि मशीन वाजायला लागलं."

"ते वाजावं म्हणूनच तर बोलावलंय! जुनं बेअरिंग कुठंय?"

जुनं बेअरिंग मेकॅनिकच्या घरी दाराखाली अडकवलेलं होतं, वाऱ्याने दार आपटू नये म्हणून. ते आलं, बसलं, आणि मेकॅनिकने डोळे मिटून बटण दाबलं. धप, धप, धप आणि लंगडा धप. वरून लगेच ड्रम सुरू झाला. मुलगी वेळेवर आली. गिटारवाल्याने राजीनामा मागे घेतला. कडकभाऊंना इतका आनंद झाला की शनिवारी कार्यक्रम इथे नसून हॉलमध्ये आहे, हे त्यांना रात्री जेवताना आठवलं.

फोनवर आवाज भरून नेण्याचा तोडगा मुलीने काढला, पण तो चालला नाही. ठेका भाच्याच्या कानाला नको होता, पाठीला हवा होता. तेव्हा शनिवारी सकाळी मशीन नंबर तीन जमिनीपासून सुटून टेम्पोत चढलं. सोबत लॉजच्या ओल्या चादरींची एक खेप गेली, कारण रिकाम्या पोटी ते नीट लंगडत नसे. सोबत एक बादली गेली आणि कडकभाऊ गेले, कारण बटण दाबण्याचा विश्वास त्यांना दुसऱ्या कोणावर टाकवत नव्हता. मशीन पडद्यामागे ठेवलं गेलं. पडद्यापुढे स्टुलावर भाचा बसला, पडद्यासकट मशीनला पाठ टेकून.

प्रेक्षक चाळीसेक होते. त्यांतली बरीचशी लॉन्ड्रीची गिऱ्हाइकं होती, ज्यांचे कपडे आज मिळणार नव्हते. पहिल्या रांगेत मॅनेजर बसला होता, हाताची घडी घालून. शेजारी मावशी, म्हणजे कडकभाऊंची बायको. कडकभाऊंनी बटण दाबलं आणि गाणं सुरू झालं. एकदम झकास सुरू झालं.

लॉन्ड्रीत मशीन बोल्टने जमिनीला जखडलेलं होतं. इथे ते मोकळं होतं, हे कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. पहिल्या कडव्यात ते वीतभर सरकलं. दुसऱ्या कडव्यात पडदा फुगला, आणि स्टुलावरचा भाचा वाजवता वाजवता पुढे जाऊ लागला. त्याच्यापुढे ड्रम जाऊ लागले. मग पडदा बाजूला झाला आणि मशीन नंबर तीन थरथरत मंचावर आलं. मागून त्याला दोन्ही हातांनी कवटाळून, टाचा रोवून, घसरत घसरत कडकभाऊ आले, अंगात बनियन.

"काका, सोडू नका!" भाचा ओरडला, पण हात थांबवले नाहीत.

"मी कुठं सोडतोय? तेच मला ओढतंय!"

मुलीने हे सगळं पाहिलं, डोळे घट्ट मिटले आणि गात राहिली. वरात मंचाच्या अगदी कडेला आली, मॅनेजरने खुर्चीतले पाय वर घेतले, आणि तेवढ्यात खेप संपून मशीन टिंग करून थांबलं. गाणंही तिथेच संपलं. काय करावं हे न सुचून कडकभाऊंनी जे रोज करायचे तेच केलं. दार उघडलं, एक चादर काढली, झटकली. पहिल्या रांगेतून बायको उठून वर आली, तिने दुसरी दोन टोकं धरली, आणि दोघांनी मिळून चादरीची घडी घातली.

टाळ्यांचा असा कडकडाट झाला की म्हणता सोय नाही. मॅनेजर म्हणाला, की संसाराचं असं दर्शन त्याने मंचावर कधी पाहिलं नव्हतं. हॉलमागच्या खोलीची किल्ली त्याने तिथल्या तिथे भाच्याच्या हातावर ठेवली.

सोमवारी ड्रम गेले. दुपारी दोन वाजता कडकभाऊ कोमट चादरींवर आडवे झाले. वर शांतता. खाली शांतता, कारण मशीन पुन्हा जखडून, मेकॅनिककडून बेअरिंग पुन्हा बदलून घेतलं होतं. ("आता तरी नक्की ठरवा, भाऊ," मेकॅनिक म्हणाला होता.) कडकभाऊंनी डोळे मिटले. थोड्या वेळाने उघडले. कूस बदलली. दुसऱ्या कडव्यानंतरच्या थांबण्यावर येऊन पोचलोय आणि पुढे काहीच होत नाहीये, असं काहीतरी त्यांना वाटत राहिलं. चार वाजले. मंगळवारीही तसंच, बुधवारीही तसंच. तोंड उतरलं, डोळ्यांखाली काळं आलं, दोन शर्ट जाळले.

"तुम्हाला पोरांची आठवण येतेय," बायको म्हणाली.

"आठवण कसली येतेय? चादरी टोचतायत!"

शुक्रवारी भाचा आला. ओशाळलेला होता. "काका, आम्ही मशीनशिवाय सगळं बसवलंय हो. पण मॅनेजर म्हणतात, लोक मशीनसाठी तिकिटं काढतायत. उद्या दुपारी..."

कडकभाऊंनी बरंच काही ऐकवलं. लॉन्ड्री म्हणजे तमाशाचा फड नाही, वगैरे. ते बोलता बोलताच त्यांनी मेकॅनिकला फोन लावला आणि म्हणाले, "ते दारातलं बेअरिंग घेऊन ये."

शनिवारी हॉल भरला होता. मशीन या वेळी दोरीने नीट बांधून मंचाच्या मधोमध ठेवलं होतं आणि शेजारी धुतलेल्या चादरींचा ढीग, घडी घालण्यासाठी. कडकभाऊंनी बटण दाबलं. धप, धप, धप, लंगडा धप. भाच्याने ड्रम बडवायला घेतले, मुलीने आवाज चढवला. कडकभाऊ ढिगाला जरासे टेकले. चादरी कोमट होत्या. वाजले होते सव्वादोन.

दुसऱ्या कडव्यानंतर मशीन थांबलं, तिघंही थांबले, आणि त्या सुप्रसिद्ध शांततेत सगळ्या हॉलने एक लांब, तृप्त घोरणं ऐकलं. मग गाणं जोरात उठलं. घोरणं चालूच राहिलं. बायकोने मंचावर जाऊन त्यांच्या अंगावर एक चादर घातली, आणि लोकांनी त्यालाही टाळ्या वाजवल्या.

पुढच्या शनिवारचं पोस्टर लॉन्ड्रीच्या काचेवर मधोमध लागलं आहे. दंतवैद्य अजून कोपऱ्यातच आहेत. पोस्टरवर लिहिलंय: 'तिसरा मजला. सोबतीला मशीन नंबर तीन. दुपारी दोन वाजता.' आणि खाली बारीक अक्षरात: 'रसिकांनी कृपया टाळ्या हळू वाजवाव्यात. काका चारला उठतात.'