कच्चं मत

आमचे शेजारी बापूकाका. कुणी दार उघडलं की हे कानटोपी काढून म्हणायचे, "मॅडम, प्लीज डोनेट युवर व्होट!" मतदान म्हणजे मताचं दान, मग डोनेटच की! पण इथे कॅनडात, सस्काटूनमध्ये, डोनेट हा शब्द कानावर पडला, की माणसं "सॉरी" म्हणून दार लावून घेतात.

कौन्सिलची निवडणूक होती. आमच्या उमेदवार लिंडाबाई स्कूल बस चालवायच्या. गल्लीतला बर्फ वेळेवर काढून घेईन, एवढंच त्यांचं आश्वासन. लढत मोठी अटीतटीची. काकू गेल्यापासून उंबरा न ओलांडणारे बापूकाका प्रचाराला सगळ्यांत आधी हजर! त्यांच्या जोडीला नेमकं मला दिलं. मागच्या जन्मीचं काहीतरी असणार.

यादीत प्रत्येक नावापुढे 'सपोर्टर' किंवा 'अनडिसायडेड' लिहायचं होतं. काका 'पक्कं' आणि 'कच्चं' लिहीत. "कच्च्याकडे परत जायचं. शिजेपर्यंत सोडायचं नाही."

कोपऱ्यावरच्या बेटीबाई ऐंशीच्या पुढच्या, एकट्या. 'डोनेट' ऐकून त्यांनी आतून सूपचा डबाच आणून दिला. दुसऱ्या दिवशी काका तो परत करायला गेले आणि चहा पिऊन आले. मग दर रविवारी तेच. कपात चहा ओतता ओतता बेटीबाई म्हणत, "स्टिल अनडिसायडेड, बापू!" आणि काका खुशीत बाहेर येत. "कच्चंच आहे अजून!"

"अहो काका, चाळीस घरं बाकी आहेत," मी कुरकुरायचो.

"असू देत. आपल्याकडे कुणाच्याही घरी जाऊन बसावं. इथं बेल वाजवायला कारण लागतं रे."

मतदानाच्या दिवशी मी बेटीबाईंना राइड द्यायला गेलो. इथे आगाऊ मत देता येतं. त्या हळूच म्हणाल्या, "आय व्होटेड फॉर लिंडा टू वीक्स अगो. डोन्ट टेल बापू."

काकांची यादी माझ्या गाडीतच होती. बेटीबाईंचं नाव खोडायला गेलो, तर तिथे पहिल्याच भेटीत काकांनी 'पक्कं' लिहिलेलं. नंतर ते खोडून वर स्वतःच्याच हाताने 'कच्चं'. मी नाव न खोडताच यादी काकांना परत दिली.

लिंडाबाई सात मतांनी जिंकल्या. पेढे वाटताना काका मात्र उतरलेले दिसले.

पुढच्या रविवारी लिंडाबाईंच्या आश्वासनातला बर्फ मी स्वतःच शोव्हल करत होतो. समोरून काका आले. डोक्यावर कानटोपी, काखोटीला यादी.

"काका, निवडणूक संपली की!"

"संपली रे. पण एक घर राहिलंय."

मी शोव्हल बाजूला घेऊन त्यांना वाट करून दिली.