बिनचिठ्ठीचा सुपरहिरो

माईंच्या लाँड्रीत चाळीस वर्षांत एक रुमालसुद्धा हरवला नव्हता. हे माई स्वतःच सांगत, आणि कोणी विचारलं नाही तरी सांगत. कपडा दारातून आत आला की आधी त्याला नंबराची चिठ्ठी. चिठ्ठी नाही तर मशीन नाही, मग तो राजाचा अंगरखा का असेना. शाळा चौथीतच सुटलेली, पण माईंना कॉलर वाचता येई. हा बायकोला घाबरतो, ह्याची बढती हुकली, ही बाई पाहुण्यांसमोरच काय ती कामाला हात लावते. एका शर्टात सगळं कळे.

अशा बाईला सुपरहिरोचे सिनेमे दाखवणं म्हणजे सोनाराला पितळ दाखवणं. पण नऊ वर्षांची नात दर शनिवारी टीव्हीसमोर सगळ्यांना बसवी, आणि माई मग एकाही हिरोला सोडत नसत.

"तीनशे वर्षांनंतरची माणसं ही. दुसऱ्या ग्रहावर राहतात आणि अंगात चुरगळलेला चंदेरी डगला. एवढं विज्ञान पुढं गेलं, मग इस्त्री कुठं गेली?"

"आजी, बघ ना नीट."

"बघतेय. हा दुष्ट माणूस बटण दाबायच्या आधी अर्धा तास भाषण देतोय. मेल्या, आधी दाब, मग बोल."

नात म्हणाली, "आजी, ह्याच्यात खूप विश्वं असतात. प्रत्येक विश्वात आपण सगळे असतो."

"म्हणजे प्रत्येक विश्वात तुझी आई दूध उतू घालवत असणार."

"आणि प्रत्येक विश्वात सासूबाई मागं उभ्या असणार," सूनबाई टीव्हीवरची नजर न हलवता म्हणाली.

त्या शनिवारच्या सिनेमात हिरो डोळ्यांवर चार बोटं रुंद पट्टी बांधून बायकोसमोर आला, आणि बायको विचारते, आपण कोण? माईंनी कपाळावर हात मारला.

"बारा वर्षं ह्याची बनियनं धुतलीस ना गं? बावळट कुठली. आमच्या ह्यांना पोत्यात घालून तोंड शिवा, तरी मी चालीवरून ओळखीन. नुसत्या श्वासावरून ओळखीन."

'ह्यांना', म्हणजे आबांना, ठसका लागला. ते निवृत्त कारकून, बोलणं बेताचं, तोंडात कायम खोकल्याची गोळी. गेले दोन महिने ते दुपारी वाचनालयात जात. दुकानातली एक अडगळ कमी झाली म्हणून माई खूश होत्या.

सोमवारी सकाळी माई वाफेच्या मशीनमागं साबणाचा डबा शोधायला गेल्या आणि जागीच थबकल्या. दोरीवर एक पोशाख वाळत होता. जांभळा, अंगाला चिकटणारा, छातीवर चंदेरी चांदणी, वर डोक्यापासून हनुवटीपर्यंतचा मुखवटा. आणि चिठ्ठी नाही.

माईंनी तो टेबलावर पसरला आणि वाचायला घेतला. छातीत आणि दंडात स्पंज भरलेला, म्हणजे माणूस ढोंगी. गुडघा फाटून शिवलेला, म्हणजे भिंतीवरून उड्या मारणारा. आतल्या खिशात खोकल्याच्या गोळीचा कागद, म्हणजे गारठ्यात कुठंतरी दबा धरून बसणारा. आणि गुडघ्यावरचा दोरा? तो त्यांच्याच दुकानातल्या रिळाचा. म्हणजे आतला माणूस सामील.

आतला माणूस एकच. इस्त्रीवाला. वीस वर्षं त्याच टेबलाशी उभा असलेला, पन्नाशीचा, खाली मान घालून काम करणारा. पण एकदा संशय आला की माणसाची खाली मानसुद्धा वेगळी दिसायला लागते.

"हे कोणाचं?" माईंनी विचारलं. काउंटरवर तेव्हा तीन गिऱ्हाइकं होती.

इस्त्रीवाल्यानं पोशाख पाहिला, मग छत पाहिलं. "माई, मला नाही सांगता येणार."

"सांगता येणार नाही, की सांगायचं नाही?"

"दोन्ही."

"शेजारच्या दुकानाचं कुलूप फुटलं गेल्या आठवड्यात. असला पोशाख घालूनच फोडलं असणार. माझ्या छपराखाली चोराचे कपडे धुतले जातात? रविवारपर्यंत नाव सांग. नाहीतर सोमवारी येऊ नकोस."

त्याची इस्त्री एका शर्टावर जरा जास्त वेळ थांबली. वीस वर्षांत पहिल्यांदा कपडा करपल्याचा वास आला. त्यानं इस्त्री उचलली आणि पुढचा शर्ट ओढला.

माईंनी मग आपली युक्ती केली. पोशाखाच्या डाव्या मनगटाशी लाल दोरा ओवला, तीन गाठी मारल्या आणि तो पुन्हा दोरीवर टाकला. दुपारी पोशाख गायब. आठवडाभर रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येक पुरुषाच्या डाव्या मनगटाकडं त्या रोखून बघत होत्या. दूधवाल्यानं तर घड्याळच काढून ठेवलं.

रविवारी नातीला नवा सिनेमा बघायचा होता. आबांना विचारलं, तर वाचनालयात पुस्तकांची मोजणी निघाली म्हणे. माई नातीला घेऊन निघाल्या. टॉकीजच्या दाराशी मुलांचा घोळका, आणि मध्ये तोच तो. जांभळा. कमरेवर हात, छाती पुढं. मुलं फोटो काढून घेत होती.

डाव्या मनगटावर लाल दोरा. तीन गाठी.

माईंनी मनगट पकडलं. "चिठ्ठी कुठाय?"

सुपरहिरोनं घाईघाईनं आकाशाकडं बोट दाखवलं. मुलांनी टाळ्या पिटल्या.

"वर काय दाखवतोस? वरून पडलास? माझ्या दुकानात कोणाच्या परवानगीनं धुतोस हे?"

त्यानं मान हलवली. मॅनेजर धावत आला. "बाई, सोडा त्याला, आमच्याकडचा सगळ्यात सज्जन माणूस आहे."

"सज्जन माणूस तोंड झाकत नाही. आमचे यजमान बघा. आत्ता इथं असते तर..." माई जरा थांबल्या. "तर काही उपयोग झाला नसता. त्यांना खिळा ठोकता येत नाही. पण चोरून कधी काही केलं नाही बिचाऱ्यांनी."

सुपरहिरोची छाती एकदम आत गेली.

"आणि ऐक," माईंचा आवाज पहिल्यांदा जरा खाली आला. "उद्या माझा इस्त्रीवाला जाणार. तुझं नाव सांगत नाही म्हणून. वीस वर्षांचा माणूस. मलाच कुठं बरं वाटतंय? पण दुकानाची अब्रू आहे."

मुखवट्यातून ठसका ऐकू आला. मग हात वर गेले, आणि जांभळ्या कापडातून आबांचं घामेजलेलं टक्कल बाहेर आलं.

"त्याला काढू नकोस," आबा म्हणाले. "मीच शपथ घातली होती त्याला."

माईंच्या हातून मनगट सुटलं.

"ह्या वयात, हे काय हो?"

"इथं बोलावं लागत नाही. नुसतं उभं राहिलं की लोक खूश होतात. दुकानात नुसतं उभं राहिलं की तू म्हणतेस, बाजूला व्हा."

माई नातीकडं वळल्या. "बघितलंस तुझ्या आजोबांना?"

"मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे," नात म्हणाली. "चालीवरून."

सोमवारी इस्त्रीवाला डबा न आणताच, नुसता हिशेब घ्यायला आला. माईंनी त्याला नवी इस्त्री देऊ केली. तो म्हणाला, "नवी नको माई. चारचौघांत बोललात, तेवढं चारचौघांत मागं घ्या." माईंनी काउंटरवर चार गिऱ्हाइकं जमेपर्यंत वाट पाहिली आणि शब्द मागं घेतला. घसा दोनदा खाकरावा लागला, पण घेतला. मग जांभळ्या पोशाखाला स्वतःच्या हातानं चिठ्ठी लावली आणि गुडघ्यावरची शिवण उसवून नीट घातली.

पुढच्या शनिवारी टीव्हीवर पुन्हा एक हिरो डोळ्यांवर पट्टी बांधून बायकोसमोर आला. पुन्हा तीच तऱ्हा, आपण कोण? सूनबाईनं सासूकडं पाहिलं. नातीनं पाहिलं. आबांनी गोळी चघळायची थांबवली.

माईंनी पदर सारखा केला.

"तिला काही बोलू नका," त्या म्हणाल्या. "कापड चांगलं आहे पट्टीचं."