वर मुडपलेली टोकं

साल दोन हजार सोळा. मी तेव्हा अडुसष्ट वर्षांचा, आणि माझा शेजारी रंगनाथनाना सत्तरीचा. त्या वयात शिडीवर चढून तो आपल्या घराच्या पत्र्याची टोकं पक्कडीनं वर मुडपत होता. खुरप्याचं टोक, चपलांची टोकं आणि मिशी त्यानं आधीच वर वळवली होती.

आमची वस्ती चिकलठाण्याच्या विमानतळाच्या भिंतीला लागून. नानानं आत वीस वर्षं गवत कापलं. विमानाच्या पंखांची टोकं वर का वळवतात, हे तिथल्या कुणा मेकॅनिकनं त्याला सांगितलं. तेव्हापासून भेटेल त्याला एकच: "पळतं ते काठावरनं."

मी चौथी नापास, पण कुणाचं ऐकणारा नाय. म्हणायचो, "शोभेला वाकवत्यात. बैलाची शिंगं नाय का."

"शिंगावर बैल उडतो का, सोपाना?"

तीन सालं पावसानं दगा दिला. लोकांनी मेंढरं विकली, एकेक घर उठलं. भोवती प्लॉट पडले. वस्तीत दोनच घरं उरली, नानाचं आणि त्याच्या पलीकडं, अगदी टोकाला, माझं. मलाही न्यायला वाळूजहून लेक येणार होता.

आदल्या संध्याकाळी नाना परात आणि घागर घेऊन आला. टँकर आठवड्यानं यायचा. त्यातलं आपल्या वाट्याचं पाणी त्यानं परातीत ओतलं.

"येडा झालास व्हय? पिशील काय?"

"आता तरी बघ. लई सालं सांगतोय."

त्यानं फळीचा तुकडा पाण्यात तिरपा धरून ओढला. टोकाशी भोवरा फिरला.

"पंखाखालची हवा दाबात, वरची ढिली. खालची टोकाला वळसा घालून वर पळती, त्याचा ह्यो भोवरा. त्यो विमानाला मागं ओढतो, तेल जास्त जळतं. टोक वर वळवलं की वळसा अवघड. भोवरा मरत नाय, पण बारीक व्हतो."

मला कळलं होतं. तरी म्हणालो, "नाय पटलं."

नानानं फळीचा तुकडा बाजूला ठेवला. "बायको गेली तवापासनं रोज भांडायला तूच येतोस," तो म्हणाला. "तू टोकाला होतास, सोपाना, म्हणून माझा भोवरा बारीक ऱ्हायला."

मग त्यानं ते पाणी परत घागरीत ओतलं. एक थेंब सांडू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, टेम्पो दारात उभा ठेवून, मी नानाकडं पक्कड मागितली, शिडीवर चढलो आणि माझ्या रिकाम्या घराच्या पत्र्याची दोन्ही टोकं वर मुडपली.