मंगलाकाकींची नवी विंडोज

मंगलाकाकींच्या हातात कोणतीही नवी वस्तू दिली, की त्या आधी तिचा वास घ्यायच्या. मिक्सर असो, टॉर्च असो, नाही तर मोबाईल. खोकं उघडायचं, नाक आत घालायचं, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा, "अस्सल हाय." एकदा मी त्यांना प्रिंटर आणून दिला. दुकानदारानं नवा म्हणून दिला, मीही नवा समजून आणला. काकींनी वास घेतला आणि म्हणाल्या, "ह्यो कुणीतरी वापरून परत केलाय बाबा. ह्याला दुसऱ्याच्या घरचा वास येतोय." मी परत घेऊन गेलो, तर दुकानदारानं एका शब्दानंही न भांडता बदलून दिला.

कळंबला पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेला त्यांचं दुकान होतं. बाहेर एसटीडीचा बूथ, आत झेरॉक्सचं मशीन आणि पडद्यामागं कॉम्प्युटर. त्यावर लग्नपत्रिका, बारशाची आमंत्रणं आणि तहसीलदारांना द्यायचे अर्ज टाइप व्हायचे. मी मंचरला कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करायचो आणि राहायचो काकींच्याच आळीत. त्यामुळं माऊस अडकला तरी मला हाक यायची, आणि दुकानातला पंखा बंद पडला तरी मलाच.

दुकान मुळात त्यांच्या यजमानांचं, रंगनाथकाकांचं. काकांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवा हात आणि बोलणं दोन्ही गेलं. तेव्हापासून काकी काउंटरवर बसू लागल्या. बसल्या त्या अशा, की सहा महिन्यांत गिऱ्हाइकं काकांना विसरून "काकींचं दुकान" म्हणायला लागली.

"मागं ऱ्हायचं न्हाई," हे त्यांचं ब्रीद. आळीत पहिला कॉर्डलेस फोन त्यांनीच आणला. तो कुठवर चालतो हे बघायला धाकट्या बहिणीशी बोलत बोलत त्या दुकानातून निघाल्या, शाळा ओलांडली आणि ओढ्याच्या वाटेला लागल्या. आवाज तुटला तेव्हा तिथंच थांबून वाटेवर चपलेनं रेघ मारली. "हितपर्यंत आपली हद्द," म्हणाल्या. बहिणीला वाटलं काकींना चक्कर आली. ती संध्याकाळच्या एसटीनं येऊन दारात उभी.

अशा बाईच्या कानावर नवी विंडोज आल्याची बातमी पडली. टीव्हीवर पाहिलं म्हणे. सकाळी मी दात घासत होतो तेव्हाच त्या अंगणात आल्या.

"खिडकीतनं मागचं दिसतं त्यात. काचंवाणी. खरं का?"

"खरंय. पण काकी, तुमचं जुनं चांगलं चाललंय."

"चाललंय म्हंजी काय? बैलगाडी बी चालती."

मी अडचणी सांगितल्या. मराठी अक्षरांचं जुनं सॉफ्टवेअर नव्यात चालेल की नाही सांगता येत नाही. लगीनसराईच्या तोंडावर पत्रिकेत नवरीच्या नावाऐवजी चौकोन उमटले तर पंचाईत. काकी म्हणाल्या, "मंग चार माणसांस्नी इचारून ठरवू."

त्यांची चार माणसं म्हणजे फोन करायला येणारा प्रत्येक जण. टोमॅटोचा भाव विचारायला आलेल्याला आधी काकींच्या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागायचं: "नवी विंडोज घ्यावी का नगं?" कुणी म्हणायचं दिवाळीनंतर बघा, कुणी म्हणायचं वास्तुशास्त्रवाल्याला विचारा. ही चर्चा फिरत फिरत मंचरला पोचली आणि एका दुपारी फॅब्रिकेशनवाला टेप घेऊन हजर झाला. काकी सगळ्या खिडक्या बदलणार आहेत असं त्याला कळलं होतं. काकींनी त्याला चहा पाजला, मापं घेऊ दिली आणि जाता जाता त्यालाही मत विचारलं.

सगळ्यांत पटलं ते बाळूभाऊंचं. बाळूभाऊ बैलांचे व्यापारी. बेल्ह्याच्या बाजाराला जाताना टेम्पो थांबवून फोन करायचे. ते म्हणाले, "काकी, दावणीचं जनावर चालतंय तवर सोडू नगा. पर नवं बघाया बाजारात जायाला काय हरकत हाय? दात मोजा, चालवून बघा. न्हाई पटलं तर सोडून या."

झालं. काकींना नवी विंडोज चालवून बघायची होती. लोणीच्या एका गिऱ्हाइकासाठी मी त्याच सुमारास नवा कॉम्प्युटर तयार केला होता, नव्या विंडोजसकट. तो दसऱ्यानंतर पोचवायचा होता. त्याला विचारून मी तो तोवर काकींच्या दुकानात मांडला. जुना टेबलाखाली सरकवला.

सुरू झाल्यावर स्क्रीन उजळला आणि काकींनी दोन्ही हात गालांवर ठेवले. "अगं बया, मागचं खरंच दिसतंय की." मग त्यांनी आळी गोळा केली. प्रत्येकाला खिडकी हलवून मागचं दाखवलं. नवी विंडोज दर कामाला परवानगी मागायची: करू का, नक्की करू का. काकी खूश. "आमच्या सासूबाईंनी बी इतकं इचारलं नव्हतं," म्हणाल्या. मी बरीच खटपट केली आणि मराठी अक्षरंही उमटली. पहिली पत्रिका छापून निघाली, नवरीचं नाव, नवऱ्याचं नाव, सगळं जागच्या जागी. काकींनी तो कागद कपाळाला लावला.

ठरलं. दसऱ्याला त्यांच्या कॉम्प्युटरवर नवी विंडोज चढवायची. काकींनी पेढे सांगितले, आणि येणाऱ्या जाणाऱ्याला आमंत्रण दिलं.

दसऱ्याच्या आदल्या दुपारी मी वायर बदलायला गेलो होतो. दुपारी दुकान थंड असायचं आणि त्या वेळी काका कॉम्प्युटरवर बसून पत्ते खेळायचे, एकट्यानं खेळायचा तो डाव. झटक्यानंतर काकींनीच त्यांना डाव्या हातानं माऊस धरायला शिकवलं होतं. नवा कॉम्प्युटर आल्यापासून दुपारीही बघ्यांची गर्दी असल्यानं त्यांना बसायला मिळालं नव्हतं; त्या दिवशी काका येऊन बसले. जुन्या विंडोजमध्ये खाली कोपऱ्यात हिरवं बटण होतं. नव्यात तिथं निळा गोल होता. काकांनी बाण कोपऱ्यात नेला, थांबवला, परत आणला. चुकून एक खिडकी उघडली, परवानगी मागू लागली. मी मदतीला उठलो आणि पत्ते उघडून दिले, तर पत्त्यांची चित्रंही वेगळी. काकांनी थोडा वेळ पाहिलं. मग डावा हात माऊसवरून उचलला आणि मांडीवरच्या उजव्या हातावर ठेवला.

काकी काउंटरवर झेरॉक्स काढत होत्या. पडदा अर्धा सरकलेला होता. त्यांनी तोच कागद पुन्हा एकदा मशीनला लावला.

दसऱ्याला मी डिस्क घेऊन गेलो तेव्हा दुकानात गर्दी होती. झेंडूची माळ, हळदकुंकू, पेढे, सगळं तयार. फक्त टेबलावर जुना कॉम्प्युटर परत मांडलेला होता आणि नवा खोक्यात.

"इचार बदलला," काकींनी सगळ्यांना सांगितलं. "नवीचं लई नखरं हायेत. दर बारीला परवानगी. कामं कवा व्हायची?"

बाळूभाऊ हसले. "काकी, बाजारातनं रिकाम्या हातानं आला की."

"आले," काकी म्हणाल्या. "पेढा घ्या."

लोक पेढे खाऊन, थट्टा करून गेले. मला राहवेना. मी हळूच म्हटलं, "काकी, एकाच कॉम्प्युटरवर दोन्ही ठेवता येतील. सुरू करताना कोणती पाहिजे ते निवडायचं."

"मंग ते ह्यांना वाचाया लागंल ना," त्या म्हणाल्या. "अक्षरं पळत्यात त्यांच्या डोळ्यांपुढं." माळेतलं एक सुटं फूल त्या दोऱ्यात परत ओवत राहिल्या. "हिरवं बटन कुठं हाय ते शिकाया पावसाळा गेला त्यांचा. एक दिस रडलं व्हतं माझ्यापुढं. जन्मात कवा न्हाई रडलेला माणूस. ते परत न्हाई करायचं मला."

मग त्यांनी आत हाक मारली. काका भिंतीला धरत आले, खुर्चीत बसले. बाण नीट कोपऱ्यात गेला, हिरव्या बटणावर टेकला आणि पत्ते मांडले गेले. काकी खुर्चीमागं उभ्या राहिल्या.

"त्यो राजा तिकडं ठिवा की," त्या म्हणाल्या.

राजा तिकडं जात नव्हता. लहान पोरालाही कळलं असतं. काकांनी जोरात मान हलवली, डाव्या हातानं राजा उचलला आणि रिकाम्या जागेत नेऊन ठेवला. मग मागं वळून काकींकडं पाहिलं, तोंडाच्या एका बाजूनं हसत.

"व्हय की," काकी म्हणाल्या. "मला कुठलं कळतंय त्यातलं."