सहाणेवरचा दात

नीरजनं ऑफिसच्या बॅगेतली डबी उघडली. आत नुसता कापूस होता.

"प्रणिता, माझा दात कुठंय?"

"तोंडात बघ," प्रणिता म्हणाली. तिच्या खांद्यावर सात महिन्यांचा धवल किरकिरत होता. त्याच्या हिरड्या शिवशिवत होत्या, आणि त्यापायी अख्ख्या घराला चैन नव्हतं.

"यार, मस्करी नको. कच्छचा दात!"

तो दात म्हणजे नीरजचा जीव की प्राण. पंधरा कोटी वर्षांपूर्वी समुद्रात पोहणाऱ्या एका अजस्र सरीसृपाचा. खडकातून निघालेला, बोटाच्या पेराएवढा, तपकिरी, अंगावर उभ्या रेघा. टोक सुईसारखं, म्हणजे हा प्राणी मऊ मासे भोसकून गिळायचा. शंखशिंपले फोडणाऱ्यांची टोकं झिजून बोथट होतात. हेच त्याला आज जीवाश्म विभागाच्या प्रमुख हेमलता मॅडमना पटवायचं होतं. पटलं, तर कच्छची मोहीम त्याची.

त्यानं सोफ्याच्या गाद्या उपसल्या, वॉशिंग मशीनमध्ये हात घातला, पाळण्याखाली लोटांगण घेतलं. तेवढ्यात स्वयंपाकघरातून खर्र खर्र आवाज आला आणि त्याच्या तालावर आजीचा गळा:

"उगाळिते बाई वेखंडाची कांडी,
बाळाला निजाया आजीची ग मांडी..."

नीरज दारातच थिजला. विठाबाई आजी सहाणेपुढे बसल्या होत्या. चिमटीत दात होता.

"आणलंस बाबा एकदाचं!" त्या म्हणाल्या. "पण तुझ्या करोल बागेतलं वेखंड भारी टणक. मनगट दुखून आलं. आणि वास म्हणशील तर नावाला नाही."

नीरजला कालची संध्याकाळ आठवली. आठवडाभर आजी वेखंडासाठी मागे लागली होती, हा रोज विसरत होता. काल कटकट नको म्हणून सरळ ठोकून दिलं होतं, "आणलंय आजी, बॅगेत आहे."

"आजी, ते वेखंड नाही! दात आहे तो! पंधरा कोटी वर्षांपूर्वीचा!"

विठाबाईंनी दात नाकाशी नेला. "इतका जुना? तरीच वास उडालाय."

"धवलला दिलंत?" प्रणिता किंचाळली.

"चाटवलं की. गुटीला रोज तोंड फिरवतं, आज बघ कसं मिटक्या मारत चाटलं."

प्रणितानं डॉक्टरांना फोन लावला. कुणाचा दात, हेच त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं. मग म्हणाले, चाटण्यापुरती दगडाची पूड आहे, लक्ष ठेवा, आणि आजींपासून बॅग लांब ठेवा.

गुरुग्रामहून मेट्रोत बसल्यावर नीरजचा अंगठा सारखा त्या टोकावर फिरत होता. टोक कसलं, गुळगुळीत सपाटी! तो उठला, बसला, पुन्हा उठला. शेजारच्या काकांनी वैतागून जागाच बदलली.

ऑफिसात हेमलता मॅडमनी दात भिंगाखाली धरला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अरे नीरज! इसकी नोक तो पूरी घिसी हुई है! ये मछली नहीं, सीपियाँ तोड़ता था। तुम्हारी थ्योरी बिल्कुल उलटी निकली, पर ये तो और बढ़िया है! कच्छ तुम ही जाओगे।"

 मोहीम आयती नीरजच्या पदरात पडत होती. फक्त गप्प बसायचं होतं. पण मग त्या बिचाऱ्या प्राण्याच्या माथी जन्मात न खाल्लेले शिंपले बसणार, तेही आजीच्या मनगटाच्या जोरावर!

"मॅडम," तो म्हणाला, "ये... मेरी दादी ने घिसा है।"

"दादी ने?"

"बच्चे की घुट्टी में।"

मॅडमनी भिंग खाली ठेवलं. पुन्हा उचललं. दात नीट न्याहाळला.

"तभी मैं सोचूँ," त्या हळूच म्हणाल्या, "ये लकीरें गोल-गोल क्यों हैं।"

आणि त्या अशा हसत सुटल्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग कडक आवाजात म्हणाल्या, "अब दूसरा दाँत ढूँढना पड़ेगा। तुम ही जाओ। मिले तो सीधा ऑफिस लाना। घर नहीं।"

नीरज जिन्यात आला आणि भिंतीला टेकला. सकाळपासून पहिल्यांदा त्याचे पाय एका जागी थांबले. तोच फोन वाजला.

"अरे, धवलला दात आला!" प्रणिता ओरडत होती. "खालचा, इवलासा! आणि पठ्ठ्या ठणठणीत आहे. आजी म्हणतायत, वेखंडाचा गुण!"

नीरजचे डोळे भरून आले.  ते पुसत त्यानं विचारलं.

"प्रणिता, नीट बघून सांग. टोकदार आहे की बोथट?"