पट्टीवरची दुसरी रेघ

सरिताचं लग्न झालं, त्या वर्षी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा होऊन अठरा वर्षं झाली होती. आंधळगावच्या मांडवात नवरीपेक्षा ताठ बसले होते तिचे आबाजी, हिरालाल. धाकटी नात रुचिता पुण्याच्या प्रयोगशाळेतून आली होती आणि तिच्या पर्समध्ये लढाईतलं विष ओळखणाऱ्या पट्ट्या होत्या!

"बोटाएवढा कागद," हिरालाल भेटेल त्याला सांगत, "पण आत रक्तातले पहारेकरी बसवले हायेत! प्रतिपिंड म्हणतेत त्यायले. शत्रूनं विष सोडलं का पट्टी बोलते!"

"मंग या मांडवातल्या पाण्यात पाहा न जी!" नवरदेवाचे वडील आनंदराव सोफ्यावरून हसले.

झालं! हिरालालनं पर्समधून गुपचूप दोन पट्ट्या काढल्या. एक पिण्याच्या पाण्यात बुडवली, दुसरी फवारणीच्या पंपात. वरातीवर अत्तराचं पाणी उडवायला नवरीचा मामा घनश्याम तो पंप पाठीवर घेऊन तयारच होता. पंपातल्या पट्टीवर एक रेघ आली. पाण्यातल्या पट्टीवर दोन!

"विष! पाण्यात विष!"

मांडवात हलकल्लोळ! पाणी प्यालेले सगळे गळा धरून बसले.

"माह्या जिभेले मुंग्या येऊन राहिल्या!" आनंदराव सोफ्यावर आडवे झाले. "पोराले गाडीत बसवा! नाही करत हे लग्न!"

सरिता रडू लागली. हिरालालनं कपाळावर हात मारला. आपल्या फुशारकीनं नातीचं लग्न मोडलं!

रुचिता धावत आली. "आबाजी, उलटं वाचलं तुमी! दुसरी रेघ आली म्हंजे पाणी साफ. विष असलं तर पहारेकरी त्यालेच धरून बसतेत, रेघ काढाले कोनी उरत नाही!"

"मंग घनश्यामच्या पंपात काहून नाही आली?" हिरालालनं विचारलं आणि वळून पाहिलं.

घनश्यामनं नळी नवरदेवाच्या डोक्यावर धरली होती!

सत्तरीचे हिरालाल बिबट्यासारखे झेपावले आणि त्यांनी घनश्यामला सोफ्याकडे ढकललं. आनंदरावांनी टुणकन उडी मारली आणि सगळा पंप सोफ्यावर रिकामा झाला.

"परवा उन्हाळी धानावर औषध मारलं होतं," घनश्याम पुटपुटला. "पण खंगाळला होता न मी!"

"त्या औषधाचं नि लढाईतल्या विषाचं खानदान एकच, मामा," रुचिता म्हणाली.

आनंदरावांनी पंपात बुडवलेला तो कागद दोन्ही तळहातांवर घेतला, चैत्यभूमीची माती घ्यावी तसा.

"डोळ्याले दिसत नाही, ते याले दिसलं," ते हळूच म्हणाले. "पोरी, माह्या पोराले वाचवलंस. चला, त्रिसरण घ्या, लगन लावा!"

त्या दुपारी माणूस एकही दगावला नाही. भाड्याच्या सोफ्यातले ढेकूण मात्र, लग्न लागण्याआधीच, सहकुटुंब वारले.