बीएमएक्सचं गाऱ्हाणं

ओरोसच्या आमच्या कचेरीत नवं लोखंडी कपाट आलं, तेव्हा ते उघडण्याआधी बाबी परबांनी त्याच्यासमोर उभं राहून गाऱ्हाणं घातलं. देवळातल्यासारखं. चपला काढून, हात जोडून, छताकडे बघत.

"बा देवा रवळनाथा! बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा! आज ह्या कपाट तुझ्या पायाकडे येवन उभा रवला हा. हेची किल्ली हरवांदे नको, हेच्यात उंदीर शिरांदे नको, आणि सायबांका हेच्यातलो एकव कागद मागाची बुद्धी होवंदे नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे कारकून एका सुरात ओरडलो. साहेब घाटावरचे, नवीनच बदलून आलेले. ते दारात उभे होते. आमच्या मागोमाग त्यांच्याही तोंडून "होय महाराज" निघून गेलं आणि मग ते स्वतःवरच रागावून आत गेले.

बाबी परबांचा आवाजच तसा. गावच्या देवळात गाऱ्हाण्याचा मान दुसऱ्या घराण्याकडे, त्यामुळे बाबींची ही विद्या तुंबून राहिली होती आणि मिळेल तिथे बाहेर पडत होती. नवी चप्पल, नवा स्टोव्ह, कुडाळला जाणारी एसटी, काहीही चालायचं. मी शेजारच्या क्वार्टरमध्ये राहत होतो, म्हणून 'व्हय म्हाराजा' म्हणायचं काम बहुतेक वेळा माझ्यावर यायचं. अंघोळीला बसलो असलो तरी साबणाच्या फेसातून मी ते म्हटलेलं आहे.

एवढा दांडगा आवाज, पण घरात तो ऐकायला कोणी नव्हतं. बायको गेली तेव्हा मुलगी वासू अगदी लहान होती. "एकटो बापूस चेडवाक काय वाढवतलो?" असं म्हणून मामानं तिला समुद्रकाठच्या मिठबावला नेलं, ती तिथेच वाढली. त्या वर्षी मात्र मे महिन्याच्या सुट्टीत तिला बापाकडे पाठवलं होतं. तिला करमलं तर जूनमध्ये इथल्याच शाळेत घालायचं, नाही तर मामा येऊन परत नेणार, असं ठरलं होतं.

वासूला करमेना. ओरोसच्या नव्या सरकारी वसाहतीत काय होतं? कातळ, करवंदीच्या जाळ्या आणि माणसांच्या आधी येऊन पडलेले रुंद डांबरी रस्ते. समुद्र नाही, मैत्रिणी नाहीत. बापाशी ती मानेनंच बोलायची. हो असेल तर खाली, नाही असेल तर बाजूला. बाबी तिच्यासमोर आले की त्यांचा तो दांडगा आवाजही कुठे जायचा कोण जाणे. "पेज खातलंस?" एवढंच, तेही हळू.

एके दिवशी तिला शब्द फुटला. "सायकल," ती म्हणाली. "बीएमएक्स."

बाबी मला ओढून कुडाळला घेऊन गेले. दुकानदारानं नुकत्याच आलेल्या त्या सायकली बाहेर काढल्या. बुटक्या, जाड टायरांच्या, हँडलला स्पंज गुंडाळलेला. बाबी भोवती फिरले.

"मडगार्ड नाय. घंटी नाय. ही सायकल काय सोललेलो नारळ? कॅरिअर पण नाय! बांगडे खंय बांधूचे?"

"परबानू, हेच्यार बांगडे बांधनत नाय. हेच्यार उडी मारतत," दुकानदार म्हणाला.

"मगे बांगडेच बरे. ते उडी मारून झाल्यार गावतत."

पण त्यानंतर हा माणूस असा काही निवडायला बसला की मी बघत राहिलो. वासूचा डोळा पुढे नंबराची पाटी लावलेल्या एका चकचकीत सायकलीवर होता. बाबींनी तिला त्यावर बसवलं आणि स्वतः जमिनीवर बसून तिचे पाय टेकतात का ते पाहिलं. ब्रेक तिच्या बोटांच्या कवेत येतो का पाहिलं. मग म्हणाले, "आता दुकानाची पायरी चढव बगूया. एकट्यान." ती चढवता चढवता रडकुंडीला आली. साधी लाल होती ती तिनं सहज उचलली. मान खाली गेली. म्हणजे हो.

"हीच. आणि अशीच दुसरी."

"दुसरी कोणाक?"

"माका."

बाबी परब म्हणजे सहा फूट माणूस, आणि जन्मात सायकलला पाय लावलेला नाही. दुकानदारानं भिंतीला टेकलेली मोठी काळी सायकल दाखवली. "तुमच्या उंचयेक ही बरी."

"चेडू खाली आणि मी माडार? पडूचा आसा तर दोघांनी एकाच उंचयेवरसून पडाक होया."

आणि तिथेच, भर बाजारात, चपला निघाल्या. "बा देवा रवळनाथा! चेडू पडात तर पडांदे, पण मोडांदे नको. आणि माका तेच्या मागसून जावंदे रे म्हाराजा!" गाऱ्हाणं कानावर पडलं आणि गप्प राहिला असा माणूस आमच्याकडे जन्मलेला नाही. दुकानदार, गिऱ्हाइकं, समोरचा न्हावी हातातल्या वस्तऱ्यासकट, सगळे गरजले, "व्हय म्हाराजा!"

वासू दोन संध्याकाळींत शिकली. बाबी रोज पडायचे. गुडघे कानाशी, उंदरावर बसलेल्या गणपतीसारखे ते रस्त्यानं निघायचे आणि वळणावर न चुकता करवंदीत शिरायचे. सगळी वसाहत गॅलरीत यायची. पहिल्यांदा ते जाळीतून डोक्यावर पानं घेऊन बाहेर आले, तेव्हा वासू पोट धरून हसली. दुसऱ्या दिवसापासून ती ओरडायला लागली, "बाबा, चाकाकडे काय बगतंस? फुडे बग! फुडे!" मानेनं बोलणाऱ्या त्या पोरीची जीभ अशी सुटली की बाबी गुडघ्याला हळद लावून घेताना तिची बोलणी देवाच्या तीर्थासारखी प्राशन करायचे.

सुट्टी संपता संपता मामा आला. वासूची पिशवी भरलेली. बाबी दाराशी खांबासारखे उभे. 'राहा' म्हणायची त्यांची हिंमत होईना. निदान गाऱ्हाणं तरी घालतील म्हणून मी तयारीत होतो.

तेवढ्यात वासूनं चपला काढल्या. हात जोडले, छपराकडे बघितलं.

"बा देवा रवळनाथा! बारा गावच्या म्हाराजा! माझ्या बापाशीक सायकल येना नाय. शिकवूक दुसरा कोण नाय. तेका सायकल येवपर्यंत माका हंयच रवांदे रे म्हाराजा!"

माझ्या ओठांवर आलेलं मी गिळलं. हे उत्तर माझं नव्हतं. बाबींचे ओठ दोनदा हलले आणि मग मांजराच्या पिलाच्या आवाजात ते म्हणाले, "व्हय म्हाराजा."

मामानं दोघांकडे पाहिलं, उचललेली पिशवी खाली ठेवली. "देवाकच सांगलंस तर मी काय बोलू? येवपर्यंत रव."

बाबी परबांना सायकल आली नाही. वासू दहावी झाली, तिच्यासाठी मोठी सायकल आली, तरी संध्याकाळी करवंदीत शिरायचा नेम बाबींनी मोडला नाही. एवढी मंद बुद्धी मी कुठे पाहिली नव्हती.

मग एकदा पहाटे मी दूध आणायला निघालो. वळणावरून लाल बीएमएक्स येत होती. सहा फुटी माणूस, गुडघे कानाशी आणि दोन्ही हात सोडून छातीशी जोडलेले. सायकल रेघ मारल्यासारखी सरळ.

मला पाहताच बाबींनी क्षणभर विचार केला आणि हँडल धरून सायकल शांतपणे करवंदीत घातली.

मी जाळीपाशी गेलो. पानांतून दबका आवाज आला, "भाऊनू, तुमी काय एक बगल्यात नाय."

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.